पाळक बदलतात, मंडळी राहते

हिंदी सिनेमाने आपल्या डोळ्यांपुढे एक चर्च कायमचे उभे करून ठेवले आहे. उंच मनोरा, रंगीत काचा, मेणबत्त्यांच्या रांगा आणि ‘माय सन’ म्हणत नायकाच्या डोक्यावर हात ठेवणारा पांढऱ्या झग्यातला फादर. असे चर्च वांद्र्याला असते, गोव्यात असते. नागपूर–हैदराबाद महामार्गावरच्या पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी रविवारची उपासना कशी होत असेल, याचे चित्र मात्र बहुतेक मराठी वाचकांकडे नसते. विदर्भातल्या लहान गावांत मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, जमते तेव्हा दाराशी चपलांचा ढीग असतो. आत बाके असली तर असली, नाहीतर सतरंज्या. बहुधा एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. बायांच्या डोक्यावर पदर. पुढे पेटी, तबला किंवा ढोलक, आणि अलीकडे हमखास एक कीबोर्ड. रस्त्याने जाणाऱ्याला आत भजन चालले आहे असे वाटते आणि त्याचे काही चुकत नाही. ते भजनच असते.

अशी मंडळी चालते कशी, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. धर्मशास्त्रात शिरायचे नाही; व्यवस्था पाहायची.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. आजूबाजूला कापसाची शेती, टिपेश्वरचे अभयारण्य, गोंड, कोलाम आणि परधानांची गावे, बंजारा तांडे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलुगू मुलूख. त्यामुळे बाजाराच्या दिवशी कानावर मराठी, हिंदी, गोंडी, तेलुगू सगळेच पडते. ख्रिस्ती माणसे इथे थोडी आणि विखुरलेली. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या १०,८०,०७३ होती, म्हणजे लोकसंख्येच्या ०.९६ टक्के, त्यांतले बहुसंख्य मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यातले. वसईत अख्खे गाव चर्चच्या घंटेवर उठू शकते. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी पाच-पंचवीस घरे असतात, तीही एका वस्तीत नाहीत: एक शिक्षकाचे, एक परिचारिकेचे, एक एसटीतल्या कामगाराचे, काही शेतमजुरांची. या घरांना दर आठवड्याला एकत्र आणणारे काहीतरी लागते. चर्च इमारतीच्या आधी ते काम असते.

या भागात चर्च आले कसे, ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनांनी मुलूख आपसात वाटून घेतले होते. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचे नाही असा सामोपचाराचा संकेत होता. नागपूरला १८४५ मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले, त्यांच्या नावाचे कॉलेज आजही आहे. अकोला, खामगाव, अमरावती या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. यवतमाळ जिल्हा आला तो फ्री मेथडिस्ट मिशनकडे. या पंथाचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपे १८८१ साली भारतात आले आणि बुऱ्हाणपूर–एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) बाजूने कामाला लागले. मिशनचे काम पुढे यवतमाळ, वणी, दारव्हा असे पसरले. जिल्ह्याचे नावसुद्धा तेव्हा वणीवरून होते. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव १९०५ चे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड-मध्यप्रांतात माणसे किडामुंगीसारखी मेली, पोरकी मुले मिशनच्या अनाथाश्रमांत आली आणि त्यांतल्या अनेकांच्या लेकरा-नातवंडांनी पुढे मंडळ्या धरून ठेवल्या. विदर्भातल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास त्या दोन सालांपाशी येऊन थांबतो. त्याच्या मागचे गाव, आडनाव, जात काहीच ठाऊक नसते.

फ्री मेथडिस्ट हा पंथ निघाला त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. अमेरिकेत त्या काळी चर्चमधली बाके भाड्याने दिली जात. पैसेवाल्यांची बाके पुढे, गरिबांनी मागे बसायचे किंवा उभे राहायचे. बी. टी. रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी याविरुद्ध आवाज उठवला. गुलामगिरीलाही त्यांचा कडवा विरोध होता. मेथडिस्ट चर्चने रॉबर्ट्सना बाहेर काढले आणि १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी नवा पंथ स्थापन झाला. त्याच्या चर्चमध्ये कोणीही कुठेही बसावे, भाडे नाही. कोणी कुठे बसायचे यावरून झालेल्या भांडणातून जन्मलेला पंथ अशा मुलखात येऊन पोचला, जिथे कोणी कुठे बसायचे, कोणत्या विहिरीवर पाणी भरायचे हे जन्माआधीच ठरलेले होते. सतरंजीवर सगळे एकत्र बसले ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पण म्हणून जात दाराबाहेर चपलांसोबत राहिली असेही कोणी समजू नये. लग्ने जुळवताना ती महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांतही डोके वर काढते, आणि हे सर्वाधिक स्पष्टपणे ख्रिस्ती लेखकांनीच सांगितले आहे.

पांढरकवड्याजवळच्या उमरीला या मिशनचा दवाखाना झाला. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले होऊ घातलेले पाळक यवतमाळच्या उन्हात शिकायला येत. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला बिबवेवाडीत गेली. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. फ्री मेथडिस्ट त्यात नव्हते. कॅथलिकांची व्यवस्था वेगळी: यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो, आणि हा धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूरला केरळच्या सायरो-मलबार परंपरेचे काम आहे. म्हणजे दोन-तीन तालुक्यांच्या टापूत तीन-चार तऱ्हांच्या उपासना सापडतात. बाहेरच्याला ते सगळे ‘चर्च’च.

आता रविवार. प्रॉटेस्टंट मंडळीत उपासना बहुधा सकाळी नऊ-दहाला सुरू होते. घड्याळात दहा आणि प्रत्यक्षात पाव तास पुढे, हा भाग सर्वधर्मीय आहे. क्रम साधारण असा: प्रार्थना, गीत, स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र पाळकाने एक ओळ आणि मंडळीने एक ओळ असे आळीपाळीने वाचणे, पापांची कबुली, जुन्या आणि नव्या करारातले पाठ, जाहिराती, दानार्पण, संदेश म्हणजे प्रवचन, आणि शेवटी आशीर्वाद. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, प्रभुभोजन असते: भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. कॅथलिक चर्चमध्ये हा विधी दर मिस्सेचा, म्हणजे उपासनेचा, गाभा आहे. तिथे वेदी आणि तिच्यावरचे ख्रिस्तशरीर हे केंद्र, इथे मंचावरचे पुस्तक. दोन्हीकडच्या इमारती नुसत्या बघूनही हा फरक कळतो. रोमन विधीच्या कॅथलिकांचे रविवारचे पाठ जगभर एकच असतात आणि तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान तिन्ही वर्षांत मधूनमधून. त्यामुळे यवतमाळच्या कॅथलिक माणसाने आज ऐकलेला पाठ त्याच रविवारी मनिलात आणि मेक्सिकोतही वाचला जातो. मराठीत मिस्सा होऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात. त्याआधी ती लॅटिनमध्ये होती आणि समोर गुडघे टेकलेल्या माणसाला त्यातले अवाक्षर कळत नसे.

मंडळी समजून घ्यायची असेल तर संदेशापेक्षा जाहिराती कान देऊन ऐकाव्यात, असे माझे मत आहे. जाहिराती म्हणजे सूचना. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी बुधवारची प्रार्थना आहे, कोणाचे नातेवाईक नागपूरला मेडिकलमध्ये भरती आहेत, कोणत्या दोघांचे लग्न ठरले आहे. मग उपकारस्तुतीची दाने वाचली जातात: मुलगी बारावीला पास झाली म्हणून इतके, शस्त्रक्रिया नीट पार पडली म्हणून इतके, नवी मोटरसायकल घेतली म्हणून इतके. एखाद्याने नाव न देता दिलेले असते, आणि ते कोणी दिले हे सगळ्यांना ठाऊक असते. पाच-पंचवीस विखुरलेल्या घरांचे हे वर्तमानपत्र आहे. ते रविवारी एकदाच निघते. चुकले तर आठवडाभर तुम्हाला कोणाच्या सुखदुःखाचा पत्ता नाही. व्हॉट्सअ‍ॅपने यातले बरेच काम हलके केले, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली आजारपणाची बातमी आणि शंभर डोकी खाली वाकून ऐकलेली तीच बातमी यांचे वजन सारखे नसते.

दानाची थैली कापडाची आणि खोल असते. हात आत जातो, मूठ उघडते, बाहेर काही दिसत नाही. दहा रुपये की पाचशे, शेजाऱ्याला कळू नये, एवढी सभ्यता त्या शिलाईत आहे. काही घरे दशमांश देतात, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. तो लिफाफ्यात नाव घालून. नोकरदाराचा लिफाफा महिन्याला येतो. शेतकऱ्याचा कापूस विकल्यावर. खजिनदाराला वर्षाचा अंदाज बांधताना पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव यांचा हिशेब धरावा लागतो, तो यामुळे.

गाण्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण मराठी मंडळीची खरी श्रीमंती तिथे आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक घरोघरी असते. त्यात पाश्चात्त्य चालींवरची गीते आहेत आणि त्यांच्या शेजारी अभंग, ओव्या, पदे आहेत. या दुसऱ्या प्रवाहामागे सर्वांत मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांचा विदर्भाशी संबंध जवळचा. ते नागपुरात राहिले. पुढे राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन माणसाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या उलथापालथीची हकीकत सांगितली आहे, ती मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. टिळकांच्या आधी अहमदनगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे वारकरी-नारदीय परंपरेतले, आख्यान मात्र बायबलमधले. टिळकांनी कीर्तनही केले आणि भजनेही भरभरून लिहिली. एखाद्या निरक्षर म्हातारीला बायबलचे पान वाचता येत नसेल, पण टिळकांचे पद ती तोंडपाठ म्हणते, आणि त्या पदातून तिला अख्खा उपदेश मिळालेला असतो. ही युक्ती मिशनऱ्यांची म्हणता येणार नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात ती आधीपासून होतीच.

त्याच्याही मागे, १६१६ मध्ये, गोव्यातल्या रायतूरच्या छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ निघाले होते, तेही ओवीबद्ध. इंग्लंडमधून आलेल्या जेझुइटाने आपली सबंध कथा सांगायला ओवी निवडली. चर्च आपल्याकडे ‘इंग्रजी’ म्हणून ओळखले जाते खरे, पण मराठी चर्चच्या कंठात ओवी इंग्रजीच्या कितीतरी आधी बसली आहे. आज अडचण वेगळी आहे. तरुण पोरांना हिंदीतली ‘वर्शिप’ची गाणी हवी असतात, गिटार, ड्रम आणि यूट्यूबवर ऐकलेली चाल. वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ हवे. बहुतेक मंडळ्यांत तडजोड होते: उपासनेच्या सुरुवातीला वीस मिनिटे पोरांची, नंतर पुस्तक. मला ही तडजोड मान्य आहे, पण पेटीवाल्या काकांनंतर पेटी कोण धरणार, याचा विचार कोणी करताना दिसत नाही.

रविवार झाला की चर्चला कुलूप लागते, असे बाहेरून वाटते. उरलेल्या सहा दिवसांचे वेळापत्रक घरांत चालते. आठवड्यातल्या एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना. अंगणात चटया, एक-दोन गीते, एक पाठ, त्यावर कोणीतरी चार शब्द, मग घरातल्या अडचणींसाठी प्रार्थना, मग चहा आणि चिवडा. या बैठकीचे मूळ मेथडिस्ट परंपरेचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्यापर्यंत जाते. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा माणसांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्याला कोण दारू पितो, कोण उपाशी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, हे आपोआप दिसू लागले. वेस्लींनी ही वसुलीची रचनाच मंडळीचा कणा केली. तालुक्याच्या गावातली बुधवारची प्रार्थना तिची पणती आहे. पेनी गेली, विचारपूस राहिली.

महिला मंडळ हे दुसरे इंजिन. पाळकीणबाई त्याच्या अध्यक्ष असतात असा रिवाज, पण काम चार बायका ओढतात. आजाऱ्याला डबा, बाळंतिणीची चौकशी, मयताच्या घरी तीन दिवस स्वयंपाक, चर्चची झाडलोट, वेदीवरची फुले. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी वेगळ्या देशातल्या बायकांनी तयार केलेली उपासना जगभर त्या दिवशी वाचली जाते. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत पूर्वी बायबल स्त्रिया असत. लिहायला-वाचायला शिकलेल्या, बहुधा विधवा बाया पिशवीत पुस्तक घेऊन गावोगाव पायी फिरत आणि बाजेवर बसलेल्या बायकांना वाचून दाखवत. आपल्याकडच्या पहिल्या पगारी, घराबाहेर हिंडणाऱ्या नोकरदार बायकांत त्यांची गणना व्हायला हवी. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते.

मुलांसाठी संडे स्कूल, जुन्या लोकांच्या तोंडी शब्बाथशाळा. १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी कारखान्यात राबणाऱ्या पोरांना सुटीच्या एकमेव दिवशी वाचायला शिकवण्यासाठी वर्ग काढले, तिथून ही कल्पना जगभर गेली. आज वाचन शिकवायला शाळा आहेत. शब्बाथशाळेत गोष्टी, पाठांतर, चित्रे आणि नाताळच्या नाटकाची तालीम असते. मंचावर उभे राहून शंभर माणसांसमोर न अडखळता बोलायची सवय मात्र मुलांना इथेच लागते.

वर्षाची घडी समजून घेण्यात मजा आहे. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हे बऱ्याच ख्रिस्ती लोकांनाही सांगता येत नाही. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो. मराठी पंचांग पाहणाऱ्याला यातले गणित लगेच कळेल: ही पौर्णिमा बहुधा होळीची नाहीतर हनुमान जयंतीची असते. २०२४ मध्ये २५ मार्चला होळीची पौर्णिमा होती, ईस्टर ३१ मार्चला. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ एप्रिलला. चर्चची दिनदर्शिका सौर मानली जाते, पण तिचा सर्वांत मोठा सण चंद्राला धरून चालतो.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी कॅथलिकांच्या कपाळावर राखेचा क्रूस. झावळ्यांच्या रविवारी हातात शिंदीच्या किंवा मिळतील त्या झाडाच्या फांद्या घेऊन मिरवणूक. आणि मग उत्तम शुक्रवार. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते, कारण येशू वधस्तंभावर होता ती वेळ हीच मानतात. त्याने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळक एकटे सगळे बोलत नाहीत. शिक्षक, परिचारिका, कॉलेजची पोरगी, निवृत्त कारकून अशी वाटणी आधीच झालेली असते. युरोपात ही उपासना थंड दगडी भिंतींत होते. केळापूर तालुक्यात एप्रिलची दुपार म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा, वर पत्रे असले तर विचारूच नका. उपवास केलेली माणसे तीन तास त्या भट्टीत बसतात. भाविकपणाची परीक्षा घ्यायची तर याहून वेगळे काही लागू नये. ईस्टरला पहाटे मंडळी दफनभूमीत जाते. आधल्या दिवशी कबरींवरचे गवत काढून चुना दिलेला असतो. उजाडायच्या सुमाराला गीते म्हणत फुले वाहतात. कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस २ नोव्हेंबर.

नाताळ सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. डिसेंबरात कॅरोल पार्टी रात्री घरोघर जाते. थंडीत ढोलक तापवत पोरे शेवटच्या घरापर्यंत पोचतात तोवर बारा वाजलेले असतात. फराळ म्हणाल तर करंज्या, अनारसे, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीचा आणि नाताळचा डबा शेजारी शेजारी ठेवला तर ओळखता यायचा नाही. केक हा बेकरीतून आलेला पाहुणा. ३१ डिसेंबरला जागरणाची उपासना. हिलाही वेस्लींच्या काळातला संदर्भ आहे: किंग्जवुडच्या कोळसाखाणीतले मजूर शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवत, ख्रिस्ती झाल्यावर ती प्रार्थनेत घालवू लागले. आज वर्षअखेरीला ढाब्यांवर जे चालते ते पाहता हा रिवाज टिकून आहे हे बरेच म्हणायचे.

मला सगळ्यांत आवडतो तो कापणीचा सण. त्याची तारीख मंडळी आपल्या सोयीने ठरवते. घरटी काहीतरी आणायचे: ज्वारी, तूर, गाठोडेभर कापूस, भोपळा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेत ते वेदीसमोर मांडतात, त्यावर प्रार्थना होते आणि मग अंगणात लिलाव. लिलाव पुकारणारा माणूस ठरलेला असतो. त्याला विनोद यावे लागतात आणि कोणाच्या खिशात किती आहे याचा अंदाज लागतो. पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते. ज्याच्याकडे रोकड नाही त्याचेही दान इथे उजळ माथ्याने होते, कारण त्याने आणलेली कोंबडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हजाराला गेलेली असते. शेवटी प्रीतिभोजन. चर्चच्या आवारात चुली, मोठी पातेली, पंगत.

हे सगळे चालवतो कोण? पाळकसाहेब, असे उत्तर येते. ते अर्धे खरे आहे. मेथडिस्ट परंपरेत वार्षिक परिषद पाळकांच्या नेमणुका करते आणि काही वर्षांनी बदली ठरलेली. कॅथलिकांत बिशप फादरांना हलवतात. बदलून आलेल्या पाळकाला कोणाच्या घरात काय झाले, कोण कोणाशी बोलत नाही, कोणता नळ गळतो, हे काहीही ठाऊक नसते. ते सांगतात पंच कमिटीतले लोक: चिटणीस, खजिनदार, घंटा वाजवणारा, पेटीवाला, महिला मंडळातल्या त्या चौघी. विश्वस्त संस्था म्हणून चर्चलाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. कमिटीची भांडणे होतात, निवडणुका रंगतात, कोर्टापर्यंतही जातात. जमिनीचा भाव वाढला की मिशनच्या जुन्या आवारावर डोळे जातात, हे महाराष्ट्रभरचे दुखणे आहे.

आणि मग नोंदवह्या. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, प्रत्येकाची वेगळी वही. लग्नाची वही ही निव्वळ धार्मिक नसते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्यानुसार लग्नाची आधी सूचना द्यावी लागते, ती चर्चमध्ये जाहीर होते, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान लागावे असा सर्वसाधारण नियम आहे, निदान दोन साक्षीदार लागतात आणि नोंदीच्या प्रती सरकारकडे जातात. त्यामुळे पासपोर्ट, वारसाहक्क, पेन्शन यांसाठी माणसे वीस-तीस वर्षांनी पाळकांच्या दारात उभी राहतात. धर्माची नोंद कधी अडचणीचीही ठरते: १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. गोंड-कोलामांच्या तालुक्यात आणि मराठवाड्याच्या गावात ख्रिस्ती होण्याचा कागदोपत्री अर्थ म्हणून वेगवेगळा होतो.

या वह्या आज कुठे आहेत? काही चर्चच्या कपाटात, काही पाळकांच्या जुन्या घरी, काहींना वाळवी लागलेली. दुष्काळात आलेल्या पोरक्या मुलांची नावे, त्यांना मिळालेली नवी आडनावे, साथींच्या सालांतले मृत्यू, स्थलांतरे, व्यवसाय, सगळे त्यांत आहे. तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्याला गॅझेटियरमध्ये जे मिळत नाही ते इथे मिळेल. तुमच्या गावच्या मंडळीत अशी वही असेल तर कमिटीची परवानगी घेऊन तिच्या पानांचे फोटो काढा, एक प्रत चर्चमध्ये आणि एक जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा. वेळ एका दुपारचा लागेल.